मुलगी बघायला गेलो आणि अवयव पाडून आलो

हसायचं तर खुशाल हसा, पण एका वजा चिन्हापायी मी माझं लग्न जवळजवळ घालवलेलं.

मी राहतो कोपरला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी आत्याने कोपरीतलं एक स्थळ आणलं. केतकीचा फोटो बघूनच मी मनातल्या मनात होकार देऊन मोकळा झालेलो. आत्या म्हणाली, मी परस्पर पोचते, तू ये. फक्त जपून बोल, मुलीचे वडील माणूस पारखून घेतात.

बिल्डिंगमध्ये शिरलो, तर पहिल्या मजल्यावर एका दाराबाहेर चपलांचा ढीग. बाप रे, मला बघायला एवढी माणसं? बेल वाजवली. एका चष्मेवाल्या काकांनी दार उघडलं, "या, तुमचीच वाट बघतोय" म्हणाले आणि आत नेलं. खोलीत शाळकरी वयाची दहाएक मुलं. म्हटलं, मुलीची भावंडं असणार. मोठं खटलं दिसतंय.

काकांनी विचारलं, याआधी कुठे कुठे जाऊन आलात. मी खरं ते सांगितलं, चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणी नकार. काकांचा चेहरा जरा उतरला.

"बरं, एका वेळी किती मुलं सांभाळाल?"

पहिल्याच भेटीत हे कोणी विचारतं का, सांगा. पण पारख चाललेली ना! मी लाजत म्हटलं, "दोन पुरे, काका."

पोरं खिदळली. काकांनी माझ्या हातात मार्कर दिला आणि फळा दाखवला. त्यावर लिहिलेलं, अवयव पाडा: x² − x − 6. घाम फुटला, पण तीन दुणे सहा एवढं आठवलं. झोकात लिहिलं, (x + 3)(x − 2).

पुढे बसलेली दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "सर, मधलं पद अधिक येतंय. वजा हवं."

गुणून बघितलं. खरंच अधिक. मग सगळं पुसलं आणि कंसांची अदलाबदल केली. आधी (x − 2), मग (x + 3). आणि वर विचारलं, "आता?"

काका शांतपणे म्हणाले, "राहू द्या. तुमचं जमेलसं वाटत नाही."

संपलं. पाचवा नकार, आणि मुलगी तर दिसलीसुद्धा नाही. जिना उतरायला लागलो. तेवढ्यात आत्याचा फोन.

"अरे, आहेस कुठे? दुसऱ्या मजल्यावर सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत."

मी चाचरत पहिल्या मजल्याचं सांगितलं, तर मागून कोणीतरी तिला म्हणालं, तिथे गणिताचा क्लास आहे, ते नवीन सर शोधतायत.

जीव भांड्यात पडला हो! नकार मास्तरकीला होता, मला नाही. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. केतकी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तिच्या वडिलांनी पारखायचं ते तेवढ्यात पारखलं असावं, कारण आठ दिवसांत होकार आला.

लग्नाला क्लासवाले काकाही आलेले. स्टेजवर माझा हात हातात घेऊन चकचकीत कागदात बांधलेला आहेर दिला. घरी येऊन उघडला. नववीचं बीजगणिताचं गाईड. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलेलं, "चि. सौ. कां. केतकीस. यांच्याकडून रोज दोन गणितं करून घ्यावीत."