काकूंच्या जबड्यातली कोलंबी

शेजारच्या काकूंच्या जबड्यात कोलंबी आहे आणि ती तिथे माझ्यामुळे गेली. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

चारकोपच्या गाळ्यात आम्ही हाडातली पोकळी भरायची वडी बनवतो. कोलंबीची टरफलं आम्लात बुडवायची, कॉस्टिक सोड्यात उकळायची, त्यातून निघणाऱ्या चिकट पदार्थात हाडात असतो तसला कॅल्शियमचा भुगा मिसळायचा, गोठवून वाळवायचं. पावाच्या तुकड्यासारखी भोकाभोकांची, पांढरीशुभ्र वडी होते. त्या भोकांतून हाड वाढतं, वडी विरून जाते. टरफलांच्या पिंपांचा सडका वास मात्र विरत नाही. नखांत बसतो. घास तोंडाशी नेला की आधी तोच येतो.

काकू मालवणकडच्या. काका गेल्यावर त्यांनी माळ घातली, मासे सुटले. पुढे दाढ काढली, जबड्याचं हाड झिजलं. नवा दात बसवायचा तर आधी भर घालायला हवी होती. बोरीवलीच्या आमच्या दातांच्या डॉक्टरबाईंच्या मागे मी महिनाभर लागलो होतो, आमची वडी वापरून बघा म्हणून. काकू त्यांच्याकडे गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "माळकरी आहेत ना त्या? तुम्हीच नीट सांगा त्यांना. नको म्हणाल्या तर नुसत्या खनिजाचे दाणे मिळतात, आठवड्यात मागवते."

काकूंनीच मला जिन्यात अडवलं. "झिला, तुझ्या शर्टाक सुंगटांचो वास येता. त्या औषधात सुंगटा नाय मां?" सुंगटा म्हणजे कोलंबी.

"छे हो काकू! मिनरल आहे ते. पाण्याच्या बाटलीवर लिहिलेलं असतं ना, तसलंच."

"मगे घाल बाबा. तुझ्यार इस्वास आसा."

मिनरल. अर्धं खरं होतं, म्हणून जास्तच किळसवाणं. आठवडाभर थांबायचं होतं फक्त. पण बाईंकडची पहिली केस मला माझ्या मालाची हवी होती.

हाड झकास भरलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. काकू नव्या दाताने चणे फोडून दाखवतात, एकादशीला वऱ्याचे तांदूळ आधी माझ्या घरी पाठवतात. ते गिळताना स्वतःची शिसारी येते, पण गिळतो. परत काढायचं म्हटलं तर काय काढणार? कधीच मुरलं ते त्यांच्या हाडात.

आता दुसऱ्या बाजूची दाढ काढलीय. परवा दारात म्हणाल्या, "तुझोच माल घालूचो हां, दुसरो नको."

"हो काकू," म्हणालो. पुन्हा.

ही पोकळी भरायच्या आधी काकूंना खरं सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.