लक्ष्मीआईच्या ओट्याकडं जाताना

माझा देवावर विश्वास आहे का, असं त्या उन्हाळ्याआधी कुणी विचारलं असतं, तर मी उलट विचारलं असतं, कोणत्या देवावर आणि कशासाठी? स्वभावच तसा खोडसाळ. नांदूरघाटला माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान. बंद पडलेली वस्तू का बंद पडली हे कळेपर्यंत मला घास गोड लागत नाही. आईच्या देवीबद्दलही तेच. आमचं जुनं गाव मी लहान असतानाच धरणात गेलं. लक्ष्मीआईची मूर्ती नव्या गावात आणली, तरी आई म्हणायची, मूर्ती तेवढी वर आली, देवी तिथंच राहिली. कशावरून, असं मी विचारायचो आणि ती माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही.

मग ओळीनं दोन वर्षं पाऊस रुसला. धरण आटत गेलं आणि पाण्याच्या मधोमध देवीचा जुना दगडी ओटा उघडा पडला. आईनं धोशाच लावला, मरायच्या आधी एकदा तिथं निवद ठेवायचा. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण हट्ट पोरीसारखा. त्याच सुमारास मच्छीमार सोसायटीनं त्यांच्या होडीला इंजिन बसवायला मला सांगितलं होतं. विहिरी कोरड्या पडलेल्या, त्यांवरची डिझेल इंजिनं नुसती बसून. त्यातलंच एक मी होडीवर चढवलं. म्हटलं, इंजिनची चाचणीही होईल आणि आईचा निवदही पोचेल. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, आमचा एक माणूस घ्या, निदान होडी रेटायला बांबू तरी असू द्या. मी कसला ऐकतोय! इंजिन माझ्या हातचं आहे म्हणालो, बांबू काठावरच ठेवला आणि आईला होडीत बसवून निघालो. मला पोहता येत नाही, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

अर्ध्या वाटेत इंजिनचा आवाज बदलला. इंजिन गार ठेवायला धरणाचं पाणी ओढणाऱ्या पाइपाची जाळी तळाच्या गाळानं बुजली होती. हे काठावरच सुचायला हवं होतं. मी हात घालेपर्यंत इंजिन तापून जाम झालं. हँडल हलेना. वैशाखातली भर दुपार, डोक्यावर सावली नाही, आणि वारा होडीला ओट्यापासून दूर, धरणाच्या भिंतीकडं, खोल पाण्यात ढकलत होता. मी नट सोडत बसलो. वळून पाहिलं तर आईची मान एका बाजूला कललेली, ओठ कोरडे, अंग तव्यासारखं तापलेलं. तिला ऊन लागलं होतं. अजून तासभर ती अशीच राहिली असती तर हाती लागली नसती.

तेवढ्यात तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "उतर खाली. वेशीतला रस्ता हाय हितं."

गढूळ पाणी, तळ दिसत नाही, आणि सांगणारी अर्धवट शुद्धीतली. तरी तिच्या आवाजात लहानपणीचा तो हुकूम होता. मी होडीची कड घट्ट धरली, डोळे मिटले आणि पाय सोडले. पाणी छातीला लागलं आणि पायाखाली दगड आला. सपाट, घट्ट दगड. मला रडूच फुटलं. होडीचा दोर खांद्यावर घेऊन मी पायानं रस्ता चाचपत ओढत राहिलो. पाणी कमरेला आलं, मग गुडघ्याला, आणि समोर ओटा. पदर भिजवून आईच्या डोक्यावर ठेवला, घोट घोट पाणी पाजलं. इंजिनचा आवाज थांबला म्हणून सोसायटीची माणसं थर्मोकोलच्या तराफ्यावर येतच होती. त्यांनी आम्हाला काठाला नेलं. पण त्याआधी आईनं निवद ठेवलाच.

पंधरा दिवसांनी पाणी आणखी उतरलं, तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो. रस्ता खरंच होता. त्याच्या डाव्या अंगाला, मी पाय टेकला तिथून चार हातांवर, गावाची जुनी बारव, पायऱ्यांची खोल विहीर, तोंड उघडून बसलेली होती.

घरी येऊन आईला विचारलं, तुला डोळ्यांनी दिसत नाही, मग रस्ता तिथंच आहे हे कळलं कसं?

"मला कुठं कळलं?" ती म्हणाली. "तू इंजिन सोडीना अन् होडी लांब चालली हुती. तू उतरावंस म्हणून म्हणले."

"आन् खाली काहीच नसतं तर?"

"तू माझ्या भरवशावर उतरलास का न्हाई? मी तिच्या भरवशावर म्हणले."

वाऱ्याची दिशा, होडीचं वजन, सगळ्याचा हिशेब मी नंतर पुष्कळदा मांडून पाहिला. इंजिन का बंद पडलं ते मला नेमकं सांगता येतं. पाय टेकला तो तिथंच का, हे येत नाही. त्या दुपारी माझ्या हातून एकच काम धड झालं, मी उतरलो. बाकीचं जिनं केलं, तिला मी आता कशावरून, असं विचारत नाही. नुसता हात जोडतो.