एक चप्पल कुंडीमागे

आमच्या दारात आले की शेजारचे काका एक चप्पल पायपुसण्याजवळ काढायचे आणि दुसरी कुंडीमागे सरकवायचे. मग म्हणायचे, "जोडी एका जागी ठेवली का गेली समजा."

ऑकलंडमधल्या न्यू लिन या उपनगरातली आमची गल्ली. मुलांच्या सायकली आठवडाभर अंगणात पडून असत.

"काका, इथे कोण नेणार?"

"एक चप्पल कोणीच नेत नाही भाऊ. ना इथं, ना नागपुरात."

देवळाबाहेर किंवा विहाराबाहेर असे करणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. शेजाऱ्याच्या दारात असे करणारे मी हे एकटेच पाहिले.

शेजारच्या घरी ते मुलाकडे राहायला आले होते. नागपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त. पत्नी आधीच गेलेली. मुलगा आयटीत, सून प्रयोगशाळेत. आठ वर्षांच्या नातीला शाळेत पोहोचवणे आणि दुपारी तीनला आणणे हे काकांचे काम. कामावर जावे तसेच ते जात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटे आधी. वाटेत ते मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई.

"आज काय शिकवलं?"

"हीप्स." म्हणजे पुष्कळ.

तेवढ्यावर दोघांचे भागत असे.

त्या वर्षी शाळेच्या सुटीत आमची दोन्ही घरे मिळून जपानला गेली. बुद्धाचे एखादे जुने मंदिर डोळ्यांनी पाहायचे, ही काकांची इच्छा होती. क्योतोत आम्ही एका दिवसाची सहल घेतली. बस, पिवळा झेंडा घेतलेली मार्गदर्शक बाई, सकाळी शिंतो देवस्थान, दुपारी बौद्ध मंदिर.

सकाळी लाल कमानींखालून चढताना काका दर वळणावर थांबून बोटाने माणसे मोजत होते. "आपण सहा आहोत ना?"

"आजोबा, चिल. वी आर ऑल हिअर," नात म्हणाली.

हात धुवायच्या हौदाशी त्यांनी मोजले. पळी खाली ठेवून लगेच पुन्हा मोजले. सगळे हसले. मीही हसलो.

दुपारच्या मंदिरात बूट काढून लाकडी कप्प्यांत ठेवायचे होते. आत काका मूर्तीसमोर बराच वेळ डोळे मिटून बसले. बाईने घड्याळ दाखवले, तसे बाकीचे बसकडे गेले. काकांना आणायला मी मागे राहिलो.

बाहेर आलो. ते कप्प्यांसमोर थांबले आणि त्यांनी कप्प्यातून उजवा बूट काढला. मग वरचे कप्पे पाहिले, खालचे पाहिले.

"डावा गेला."

"दुसरीकडे ठेवला असेल काका. तुमची सवय."

"नाही हो. दोन्ही इथंच ठेवले होते. जोडीनं."

डावा बूट छत्र्यांच्या स्टँडमागे सापडला. आत त्यांचा रुमाल चौकोनी घडी करून ठेवलेला होता. ती घडी त्यांचीच होती.

"हा मी ठेवला?" त्यांनी विचारले. प्रश्न मला नव्हता.

लेस बांधायला त्यांना वेळ लागला. मान वर न करता ते म्हणाले, "पोराले सांगू नका. पोरीले आणायचं काम जाईल माझं."

बसमध्ये मुलगा वैतागलेला होता. "बाबा, सगळे खोळंबलेत. कुठे होतात?"

"फोटो काढत होतो," मी म्हणालो. कॅमेरा माझ्या पत्नीच्या गळ्यात होता.

ऑकलंडला परतल्यावर मला एक काम लागले. माझी पाळी पहाटेची असे, दुपारी मी घरी असायचो. सव्वातीनला मी खिडकीशी उभा राहू लागलो. पांढरा शर्ट आणि निळे दप्तर कोपऱ्यावर दिसले की खुर्चीत बसायचो. तीन आठवडे ते वेळेवर दिसले.

एका बुधवारी साडेतीन झाले. मग पावणेचार. मी गाडी काढली. घराच्या उलट्या दिशेला, रेल्वे फाटकापलीकडच्या डेअरीसमोर, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर, ती दोघे उभी होती. नातीने आजोबांचे मनगट धरले होते.

"ही वॉन्टेड टु कम धिस वे," ती म्हणाली. "इट्स ओके. आय ऑलवेज टेक हिम होम."

काका माझ्याकडे पाहून हसले. मग बोट उचलून त्यांनी मोजले. "आपण दोघं आहोत ना?"

त्या संध्याकाळी मी मुलाला सगळे सांगितले. बुटाचेही. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि एकच विचारले, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सहलीपासून."

मग त्याने नागपूरला बहिणीला फोन लावला.

नातीला शाळा सुटल्यावर मुलांच्या केंद्रात ठेवायचे ठरले. काकांना नागपूरला, मुलीकडे. ते पुन्हा इकडे आले नाहीत. सुरुवातीला त्यांचे फोन येत; पुढे मुलीचे येऊ लागले.

निघण्याच्या आदल्या दिवशी ते निरोप घ्यायला आले. मी दार उघडले. ते वाकले, दोन्ही चपला काढल्या आणि पायपुसण्यावर शेजारी शेजारी नीट लावून ठेवल्या. कुंडीकडे त्यांनी पाहिलेही नाही.