भागीरथीबाईंचा सुधारित कोर्स

त्या सहा महिन्यांतले रिपोर्ट मी एका ट्रंकेत जपून ठेवले होते. निम्मे वाळवीनं खाल्ले. किस्से कुठेच ठेवले नव्हते, तर ते मात्र वर्षागणिक वाढतच चाललेत! नागपूरला मैत्रिणी जमल्या की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, तुझ्या दायांचं सांग ना!"

तर बी.ए. झाल्या झाल्या मला चांदा जिल्ह्यात, चिमूरच्याही पलीकडे, जंगलातल्या एका गावी नेमणूक मिळाली. आसपासच्या ज्या दायांनी पूर्वी जुनं ट्रेनिंग घेतलं होतं, त्यांना नवा सुधारित कोर्स समजावून द्यायचा. शिकवायला खरं तर नर्सबाई होत्या. त्यांनी मला दोन दिवस सगळं दाखवलं आणि त्या रजेवर गेल्या. बाळंतपणाच्या!

सहा महिन्यांनी तपासणी. रिपोर्ट चांगला आला तर नोकरी कायम. नाहीतर वडिलांचं पत्र आलेलंच होतं, "परत ये. भंडाऱ्याचं स्थळ अजून थांबलं आहे."

आणि मी ही अशी! दार आपटलं तरी दचकणारी. दचकले की चष्मा काढते, पदरानं पुसते, परत लावते आणि म्हणते, "अगंबाई!" होस्टेलात सगळ्या माझी नक्कल करायच्या.

* * *

पहिल्या दिवशी अकरा दाया समोर बसल्या. मी तासभर पुस्तिका वाचली. जुन्या कोर्सात काय चुकत होतं, नव्यात काय सुधारलंय, सगळं सांगितलं. मग विचारलं, "काही शंका?"

सर्वांत वडील भागीरथीबाई. अर्धा तालुका त्यांच्या हातावर जन्मलेला. त्या म्हणाल्या, "बाई, तुमाले लेकरं किती?"

"माझं... लग्न नाही झालं."

"मंग आमाले शिकोनार कोन?"

"मीच."

अकराजणी अशा हसल्या की वळचणीची कबुतरं उडाली. कबुतरं उडाली म्हणून मी दचकले. चष्मा काढला, पुसला, लावला. "अगंबाई!"

भागीरथीबाई पुढे सरकल्या. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "ते पुस्तक ठेवा तिकडं. आमाले वाचता येत नाई. आमी सासूले पाहू पाहू शिकलो. तुमी करून दाखवा, आमी पाहतो. एक हातवारा सुटनार नाई!"

मला केवढा धीर आला!

* * *

मी शिकवलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग ते कशालाही लावायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोनाबाई आली. हिच्या घरचे तळ्यावर मासे धरायचे, राहायचेही तिथेच, आणि तळं दोन कोस लांब. आली ती दोन्ही हात वर करून! घरूनच धुऊन निघाली होती. वाटेत जंगलात फॉरेस्ट गार्ड भेटला. हात वर पाहून तो घाबरला.

"काऊन बाई, कोनं लुटलं?"

सोनाबाई म्हणाली, "नव्या कोर्सानं!"

* * *

कात्री आणि दोरा वीस मिनिटं उकळायचा. आता घड्याळ होतं एकट्या माझ्याकडे. मी म्हटलं, "तुम्ही घरी वीस मिनिटं मोजणार कशी?"

भागीरथीबाई म्हणाल्या, "त्यात काय मोठं? भात शिजेपावतर."

मला वाटलं, अंदाज सांगताहेत. कसला अंदाज! आठवड्यानं त्यांच्या घरी गेले तर चुलीवर पातेलं, पातेल्यात भात, आणि भातात कात्री. त्यांनी शीत दाबून पाहिलं आणि मान हलवली.

"थांबा बाई. कात्री अजून कच्ची हाय."

* * *

सरावाला बांबूची टोपली आणि आत चिंध्यांची बाहुली. मी जन्माचं प्रात्यक्षिक करायची. पहिल्याच दिवशी टोपलीत हात घातला तर बाहुलीआधी पाल बाहेर आली! मी बाहुली घट्ट धरली, एका हातानं चष्मा काढला, पुसला, लावला. "अगंबाई!" मग नाळेचा दोरा बांधला.

पुढे पाल नसायची. पण तिच्या आठवणीनं मी दर वेळी बाहुली काढताच दचकायची. अकराजणी टक लावून बघायच्या. काय ते लक्ष! असे विद्यार्थी आमच्या कॉलेजात नव्हते.

बाराव्या दिवशी आले तर टोपलीला झेंडूची माळ, शेजारी घुगऱ्या. बाहुलीचं बारसं! इतक्यांदा जन्मलेलं लेकरू बिननावाचं कसं ठेवायचं?

नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसचं पत्र, "बाहुलीची सद्यस्थिती कळवावी." मी घाबरून खरं तेच लिहिलं, "बाळ सुखरूप आहे. नाव यमुना."

* * *

आणि तपासणी आली. जीपमधून डॉक्टरीणबाई उतरल्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, चेहऱ्यावर हसू नाही. माझ्या डोळ्यांपुढे भंडारा उभा राहिला.

पहिल्या भागीरथीबाई. हात धुतले, वर धरले. कात्री उकळलेली. बाहुली अलगद बाहेर काढली. मी श्वास सोडणार, तोच त्या थांबल्या. रिकाम्या नाकावरून चष्मा काढला. पदराजवळ दोन बोटं फिरवली. चष्मा परत नाकावर चढवला.

"अगंबाई!"

मग नाळ बांधली.

नंतर सोनाबाई. तेच! मग तिसरी, चौथी... अकरा जणी, अकरा चष्मे, अकरा अगंबाई! चष्मा अख्ख्या खोलीत माझ्या एकटीला होता, आणि तो काढायची माझी हिंमत होत नव्हती.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नव्या कोर्सात हाय," भागीरथीबाई म्हणाल्या. "जुन्यात नव्हतं."

"कशासाठी?"

मी डोळे मिटले.

"पैले आमी घाई कराचो. लेकरू आलं का नाळ काप! आता चष्मा पुसेपावतर नाळेची धडधड थांबते. लेकरू बी रडून घेते. ह्या सालात आमी समदी लेकरं असीच काढली. चांगलं हाय हे, बाई. कोनं काढलं?"

डॉक्टरीणबाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. वही मिटून त्या जीपमध्ये बसल्या.

मी रात्रीच ट्रंक भरली.

महिन्यानं जाड लिफाफा आला. फोडायचा धीर होईना, शेवटी सोनाबाईनं विळ्यानं फाडून दिला. वरच्या कागदावर माझी नोकरी कायम झाल्याचं लिहिलं होतं! खाली पुन्हा एकदा सुधारलेला, नवा कोरा छापील अभ्यासक्रम. पुढच्या तुकडीपासून सगळ्या केंद्रांवर लागू.

मी अकराजणींना बोलावून मोठ्यानं वाचून दाखवला. सातवं कलम असं होतं, "मूल बाहेर आल्यावर, नाळ बांधण्यापूर्वी, दाईने चष्मा काढून पुसावा. चष्मा नसल्यास पुसल्यासारखे करावे."

सगळ्याजणी खुश. भागीरथीबाईंच्या कपाळावर मात्र आठी.

"आन् 'अगंबाई' कुठी गेलं? अर्धाच कोर्स छापला त्याईनं!"