जांभळी ज्योत आणि भावजींचं कपाळ

या, अशा जवळ बसा. दारात उभं राहून "निघतोच आता" म्हणणाऱ्यांना मी चहा देत नसते. वर्ष-वर्ष तोंड दाखवायचं नाही आणि मग फोनवर विचारायचं, "काकू, तुमचे दीर हल्ली काय करतात?" अहो, येऊन बघावं की माणसानं!

आमच्या भावजींइतकं हात न लावता जीव लावणारं माणूस सगळ्या सांगली-साताऱ्यात सापडायचं नाही. माझे मिस्टर गेले त्या वर्षी भावजी पुण्याची नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आले आणि कुपवाडला एक शेड घेतली. शेडमध्ये एकच यंत्र. साध्या हवेत वीज सोडायची, की नळीच्या तोंडाशी बोटभर जांभळी ज्योत उभी राहते. तिला प्लाझ्मा म्हणतात. भट्टी नको, बंद पेटी नको, आपल्या उघड्या हवेतच सगळं. एरवी प्लॅस्टिक मोठं मानी, रंग धरत नाही की गोंद धरत नाही. ही ज्योत वरून भराभर फिरवली की न जळता, न वितळता ते सगळ्यांना धरून ठेवायला लागतं.

काम जमलं का, हे बघायला पाण्याचा थेंब टाकतात. पसरला तर जमलं, गोल राहिला तर नाही. आता ही परीक्षा शेडमध्येच ठेवावी ना? पण भावजींच्या खिशात कायम ड्रॉपर. माझी ताटं झाली, चष्मा झाला, पाहुण्यांचा रेनकोट झाला. एकदा विट्याचे व्याही जेवायला वाकले, तर यांनी त्यांच्या टकलावर थेंब सोडला! थेंब घरंगळला. "व्याही, यावर रंग धरायचा नाही," भावजी गंभीरपणे म्हणाले. व्याह्यांनी उभा जन्म सोनं गाळून पारख केलेली, ते काय ऐकतात? म्हणाले, "मग लग्नात हळद कशी धरली वो?"

आणि शिवाशिव तर विचारू नका. ज्योत फिरवलेल्या वस्तूला बोट लावायचं नाही, तेलकट हातानं सगळं वाया जातं. शिवाय वर रंग, स्टिकर काय लावायचं ते लगेच, कारण तो धरून ठेवायचा गुण फार वेळ टिकत नाही. मी नुसती डबा घेऊन शेडमध्ये गेले तरी ओरडायचे, "वहिनी, हात मागं!"

पण नुसत्या थेंबांवर शेड चालते होय? काम येईना. शेवटी मला म्हणाले, "हे कुंडलचं गिऱ्हाईक जमलं नाही, तर यंत्र विकून पुण्याला जातो." मी मान हलवली आणि आत जाऊन उगीच डबे पुसत बसले. ते गेले असते तर संध्याकाळचा चहा मी कुणासाठी टाकला असता?

कुंडलचे ते गृहस्थ द्राक्षबागेतल्या फवारणीच्या टाक्या बनवायचे. नावाचा स्टिकर उन्हानं आणि औषधानं सुटायचा, ही त्यांची तक्रार. नमुन्याची टाकी पुढ्यात घेऊन त्यांनी कडेला नख घातलं, ओढलं, शिव्या घातल्या, पण स्टिकर हलेना. मग मधोमध अंगठा दाबला तर तिथं फुगा! ब्लेडनं कापलं, तसा तेवढा तुकडा अलगद हातात आला.

"ह्ये काय वो सायेब? हितंच कसं सुटलं?"

भावजी पांढरेफटक. गृहस्थांनी तुकडा उजेडात धरला. चिकट बाजूला तेलाचा ठसा, वर केसांची रेघ, खाली भुवयांची कमान. त्यांनी एकदा तुकड्याकडे बघितलं, एकदा भावजींकडे.

"आवं, ह्यो तर तुमचाच फोटू निघाला!"

झालं होतं असं, की जगाला हात मागं घ्यायला लावणाऱ्या या माणसानं ज्योत फिरवून झाल्यावर, स्टिकर लावायच्या आधी, टाकीवर डोकं टेकवून नमस्कार केला होता. घरात कुठलीही नवी वस्तू आली की आधी तिच्या पाया पडायचं, ही सासूबाईंची शिकवण. आणि कपाळावर मी सकाळीच चोळून दिलेलं खोबरेल.

गृहस्थ हसून हसून खुर्चीत बसले. "कपाळ सोडून कुटंच निगना की! टाक्या धाडतो. पर पाया पडायचं ते स्टिकर लावल्यावर, काय?"

आता भावजी लांबूनच हात जोडतात. तो तुकडा मी टाकला नाही. मिस्टरांच्या फोटोखाली चिकटवलाय. दोघा भावांचं कपाळ अगदी एकासारखं एक रुंद, हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं. संध्याकाळी चहा पिताना भावजीही तिकडे बघतात.

तर या लवकर, आम्ही दोघंच असतो. फक्त डोक्याला तेल लावून येऊ नका, दारातच अडवतील.