आठ चहा आणि अर्धा तांब्या

तालमीतल्या मंडळींनो, हे पत्र सगळ्यांत वाचा, पण आमच्या घरी नेऊ नका.

आज दुपारी इथं परमुलखात, बेहालाच्या कारखान्यात भट्टीपुढं मला भोवळ आली. मी सावरलो, पण हातातला चिमटा पडला. फोरमन म्हणाला, "पुन्हा असं झालं तर भट्टीवर येऊ नकोस."

माझ्या जोडीला हरिपददा म्हणून म्हातारे कारागीर आहेत. त्यांनी मला सावलीत बसवलं. "काय रे मराठा, सकाळपासून पाणी किती प्यालास?"

"पाणी नाही, पण आठ चहा झाले. चहात पाणीच असतं की!"

"असतं ना, धर हिशोबात," म्हणत त्यांनी माझाच चहाचा मातीचा कप उचलला आणि मोजून आठ कप पाणी आपल्या तांब्यात ओतलं. तांब्या अर्धाच भरला. "आणि घाम गाळतोस बादलीभर!"

मी तो तांब्या तोंडाला लावला. भांडायचंही त्राण नव्हतं.

गड्यांनो, आपल्याकडे चहाआधी पाणी पुढ्यात येतं. इथं दुकानात नुसता चहा देतात, आणि पाणी मागून प्यायचं असतं हे मला कधी सुचलंच नाही. खोलीवर आईनं दिलेल्या तांब्यात मी तुमची पत्रं ठेवत होतो. आज ती उशाखाली सारली नि तांब्या भरून घेतला.

खरं सांगा, तुम्हांला कधी आठवण ठेवून पाणी प्यावं लागलं का?

आईला मात्र सांगू नका. ती एवढंच विचारेल, तिथं तुझ्यापुढं पाणी कोण ठेवतं?