पाच अक्षरांत 'के'

नात मोबाईलवर इंग्रजी शब्द जुळवत होती. "आजोबा, पाच अक्षरी सांगा, त्यात 'के' हवा."

मला एकदम नाशिक रोडची आमची खोली आठवली आणि फोडणीच्या पोह्यांचा वास. कॉलेजात शिकणाऱ्या अक्काला बघायला मालेगावचे पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी तिला नेमकं हेच विचारलं. वीज गेली की आम्ही भावंडं हाच खेळ खेळायचो. तिला डझनभर शब्द तोंडपाठ होते.

अक्का मान खाली घालून म्हणाली, "नाही येत."

"बरं, कळवतो," म्हणत पाहुणे उठले. आई स्टोव्हपाशी डोळे पुसत बसली. मला वाटलं, अक्का घाबरली. ती मात्र उरलेल्या पोह्यांवर लिंबू पिळत होती.

घाबरलेलं माणूस इतकं चवीनं खात नाही, हे कळायला मला आजोबा व्हावं लागलं.